मोगरा खुडतानाची प्रार्थना

ऑल्विन,

मी मम्मींबरोबर मागच्या वाडीत मोगरा खुडतेय. एथन उठला तर त्याला घेऊन मागच्या दारात ये आणि हाक मार. चहा गाळून ठेवलाय, फक्त गरम कर.

सकाळची प्रार्थना मला नेमाने जमत नव्हती, हे तू बघितलंसच. बाळंतपणानंतर एथनला हॉस्पिटलमधून घरी आणल्यापासून बायबल उघडायचं, एक वचन वाचायचं, की लगेच त्याचा श्वास चालतोय ना बघायला पळायचं. शेवटी मम्मीच म्हणाल्या, "अगो, देव काय टेबलापाशीच बसून ऐकतो? एक वचन वाच नि चल माझ्याबरोबर. मी लग्न होऊन आले तेव्हापासून कळ्या खुडता खुडताच नमो मारिया म्हणते." आता त्या पुढून म्हणतात, मी मागून म्हणते. हात कामात असले की माझं डोकंही जरा गप्प बसतं.

तेवढा वेळ मी तुला रोज उठवून एथनपाशी बसवलं. तू एकदाही कुरकुरला नाहीस. प्रार्थनेत आभार मानते तेव्हा तुझं नाव आधी येतं.

आज तुला उठवलं नाही. दोघंही गाढ झोपला होतात. दारातून एकदाच बघितलं आणि निघाले.

स्टेफी