उघड्या डोळ्यांचा फोटो

दि. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अ. आ. वि. वि.

चार वर्षांत तू इकडे फिरकला नाहीस, त्यामुळे बहीण कशी दिसते ते पत्रातूनच कळवते. माझ्या पापण्या पार उतरल्यात. कोपऱ्यावरचा फळवाला रोज विचारतो की ताई, रडलात का? सिग्नल बघायला हनुवटी वर करावी लागते, तर लोकांना वाटतं बाई शिष्ट आहे.

शेवटी प्लास्टिक सर्जनकडे गेले. पोरगेलासा आहे, पण हात हलका. त्याने चिकटपट्टीने पापणी वर धरली आणि पडद्याची दांडीसुद्धा दिसली! मला हसूच फुटलं. मग सहासष्टाव्या वर्षी हे नखरे कसले, म्हणून लाजही वाटली. जास्तीची कातडी काढून बारीक टाके घालणार आहेत. डोळ्यांची मूळची ठेवण बघायला त्याने माझा तरुणपणचा फोटो मागितलाय. बाबांच्या स्टुडिओत जन्म गेला आणि माझा एक धड फोटो नाही! मी कायम रिटचिंगच्या टेबलाशी, लोकांच्या फोटोंतले डाग-सुरकुत्या पुसत. तुझ्या पेटीत बघ.

लोभ आहेच, तो पत्र टाकण्याइतका तरी असू दे.

तुझी,
ताई

दि. ११ फेब्रुवारी

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पेटी उलटीपालटी केली. तुझा फोटो एकच, त्यातही तुझी पाठ, आणि कडेवर मी जीभ काढून. म्हणून आईचा मोठा फोटो भिंतीवरून उतरवून पाठवतोय. डॉक्टरांना सांग, अस्सेच डोळे करा, टपोरे, टक्क उघडे.

ती गेली तेव्हा मी तीन वर्षांचा. माझी आई म्हणजे एवढा एक फोटो. नवीन सदरा घातला की मी आधी त्याच्यासमोर जाऊन उभा राहायचो, आठवतं? तुझ्या चेहऱ्यात मला ती कधीच दिसली नाही, याचं आतून वाईट वाटत आलंय. आता दिसली तर किती बरं होईल.

फोटो जपून परत पाठव. माया आहे तशीच ठेव, रागावणंही चालू ठेव.

तुझा,
धाकटा

दि. १९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अ. आ.

फोटो पोचला. दोन दिवस नुसती बघत बसले. डॉक्टरकडे नेला नाही. ते डोळे आईचे नाहीत रे, माझ्या हातचे आहेत.

मी सतरा वर्षांची होते. आई एरवी कॅमेऱ्यासमोर उभीच राहत नसे. त्या दिवशी टेबलाशी येऊन म्हणाली, की जन्मभर लोक विचारतात झोप झाली नाही का, एका फोटोत तरी मला जागी कर. मी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून पापणीची घडी पुसली, छापलेल्या फोटोवर ब्रशने डोळे उघडले. ओल्या रंगावर फुंकर घालत आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. तिला इतकं हसताना मी नंतर पाहिलं नाही. त्याच वर्षी ती गेली आणि तोच फोटो भिंतीवर चढला. तू त्याच्याशी इतक्या गप्पा मारायचास, की मला सांगायचा धीर झाला नाही, आणि मग राहूनच गेलं.

तिच्या पापण्या चाळिशीतच उतरल्या होत्या. हसली की डोळे नाहीसेच व्हायचे. माझ्या आत्ता उतरल्या. हल्ली आरशात बघते तेव्हा समोर हुबेहूब तीच असते.

ऑपरेशन पाच मार्चला आहे. ते टळणार नाही, नीट दिसायला तर हवं. पण तुला इतकी वर्षं फसवलं, ते मनाला लागून राहिलंय. रागाव, पण अबोला धरू नकोस.

तुझी,
ताई

दि. २५ फेब्रुवारी

ती. ताईस, शि. सा. न.

पत्र तीनदा वाचलं. आधी तुझा राग आला. इतकी वर्षं मी पेन्सिलीशी बोलत होतो! मग बायकोला वाचून दाखवायला गेलो, तर निम्म्यातच पत्र तिच्या हातात देऊन टाकलं.

ऑपरेशन जरूर कर. कुठे धडपडलीस तर मला दुसरी ताई नाही. पण मला रजा सातपासूनच मिळतेय, तेवढी तारीख आठवडाभर पुढे ढकल. डॉक्टरांना सांग, घरचं महत्त्वाचं काम आहे. स्वयंपाक, भांडी सगळं मी बघीन. तू फक्त समोर बस आणि जमलं तर हस.

मला आईला बघायचंय.

तुझा,
धाकटा