शेजारचा क्लच

२ फेब्रु.
बदली दिंडोरीच्या शाळेत. प्रार्थना सातला, आणि त्या वेळेला पोचवणारी एसटी नाही. पंधरा दिवस नवरोबांनी सोडलं, रोज उपकाराचं तोंड करून. आज म्हणाले, "तुझ्या शाळेपायी माझी झोप गेली." बस्स झालं. ड्रायव्हिंग क्लास लावला. लायसन्स काढणार, स्वतःची स्वतः जाणार.

१४ फेब्रु.
शिकवणारा मास्तर एक नंबरचा आगाऊ. सारखा फोनवर. "मॅडम, तुम्ही फक्त स्टिअरिंग बघा, बाकीचं माझ्यावर सोडा." पण गाडी एकदाही बंद पडली नाही. घरी जाम बढाई मारली.

१० मार्च
नापास. चढावर थांबवून पुन्हा उचलायची होती. टेस्ट घेणाऱ्या आरटीओच्या साहेबांनी मास्तरला खाली उतरवलं. क्लच सोडला, धाडकन बंद. मग घाईत दुसऱ्या गिअरमध्येच उचलायला गेले, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा मागे घरंगळली. रांगेतले फिदीफिदी हसत होते.

मास्तरच्या पायाशी दुसरा क्लच असतो, हे माहीत होतं. अडीअडचणीला असेल, असं वाटलेलं. हा मेला महिनाभर तोच दाबत होता! वर तोंड करून म्हणतो, "सगळ्यांना असंच शिकवतो. नाहीतर लेडीजच्या गाड्या चौकात बंद पडतात, मागचे मला शिव्या घालतात."

१२ मार्च
घरची गाडी, मोकळं मैदान. नवरा शेजारी, हात हँडब्रेकवर. "क्लच अर्ध्यावर धर. थरथरली की ब्रेक सोड." आठ वेळा बंद. "क्लचप्लेट जाळशील माझी!" जळू दे म्हटलं. उतरून चालत घरी आले. रडले, पण रागानं.

१६ मार्च
पुन्हा गेलो. चढावर पाचपैकी तीनदा उचलली. नवरा गप्प. गप्प म्हणजे बरं चाललंय.

१८ मार्च
पास.
आज साहेब दुसरे, बाहेर उभे. मास्तर शेजारी. आधीच बजावलं, "पाय मागे घ्या. मध्ये घातलात तर इथेच तमाशा करीन." "हो हो मॅडम." चढावर थांबले. पहिला टाकला. क्लच हळूहळू वर आणतेय, इंजिन जड झालं, आणि पेडल माझ्या तळव्याखालून आपसूक खाली गेलं. एकदाच. मग गाडी सुरळीत वर.

उतरल्यावर निर्लज्ज हसतो, "झालं ना काम? पेढे काढा."

जमलं असतं हो मला! किंवा बंद पडली असती. काय झालं असतं ते आता कुणीच सांगू शकत नाही. माझी टेस्ट खाल्ली त्यानं. घरी नवरा म्हणाला, "मानलं तुला." लग्नानंतर पहिल्यांदा. त्याला काही सांगितलं नाही. का नाही सांगितलं…

२७ मार्च, पहाटे
लायसन्स काल पोस्टानं आलं. फोटोत मी चिडलेली.
नवरा घोरतोय. उठवणार नाही. शाळेच्या वाटेवर म्हसरूळच्या पुढे चढ आहे, तिथे मागे दुधाचे टेम्पो चिकटतात. बंद पडली तर पडली. वाजवा म्हणावं हॉर्न, किती वाजवायचे ते.
निघते.