सुरू होत आहे, कृपया थांबा

सोमवार, ४ तारीख

पोहोचलो एकदाचा! पाणीपुरवठ्याचं हे ऑफिस पंपघराच्या मागं, एक जिना चढून. खोली ऐसपैस, भरपूर उजेडाची. झोपायची सोय खालच्या खोलीत: खाट आहे, पंखा आहे, आणि पंपाची घरघर फुकट. निघताना हिनं ही वही हातात कोंबली आणि दम भरला, की रोजचं रोज लिहायचं, आल्यावर मी वाचणार. तेव्हा बाईसाहेब, लिहितोय. डॉक्टरांनी चोवीस तारीख दिलीय. पहिलं बाळंतपण. चोवीसच्या आत मी घरी नसलो तर तुम्ही माझं काय कराल ते मला पक्कं ठाऊक आहे.

काम म्हणाल तर डाव्या हातचा मळ. सगळ्या व्हॉल्व्हचा कारभार एका कॉम्प्युटरवर, आणि तो तीन आठवडे सुरूच होत नाही. बटण दाबलं की एका माणसाचा फोटो येतो, खाली ओळ: ‘सुरू होत आहे, कृपया थांबा’. मग बसा थांबत! ऑफिसच्या साहेबांनी सांगितलं, की इथली पद्धतच आहे: मशीनचा चार्ज ज्याच्याकडे, त्याचा फोटो सुरुवातीच्या पडद्यावर. चूक झाली तर कुणाला धरायचं ते शोधायला नको. हा फोटो चष्मेवाल्यांचा, म्हणजे इथल्या ऑपरेटरचा. त्यांनी चार्ज घेतला, हौसेनं आपला फोटो टाकला, त्याच दिवशी मशीन अडलं आणि ते स्वतःही गायब झाले. घाबरून पळाले, असं साहेबांचं मत. फोटो मापापेक्षा मोठा असणार, दुसरं काय! उद्या दुपारपर्यंत गंगेत घोडं न्हालं.

बुधवार, ६ तारीख

घोडं अजून काठावरच. हार्ड डिस्क काढली, तरी फोटो येतो. मदरबोर्डवरचा सेल तासभर काढून ठेवला, तरी येतो. म्हणजे फोटो आतल्या चिपमध्येच बसलाय. बसू दे. मीही हटवादी आहे.

झाडायला येणाऱ्या मावशी पडद्याकडे पाठ करूनच झाडतात. कारण विचारलं तर म्हणाल्या, चांगल्या माणसाकडं असं बघवत नाही. दुपारी फाटकाशी एक बाई उभ्या होत्या. चष्मेवाल्यांची बायको. रोज येतात म्हणे, आणि ड्युटी सुटली का एवढंच विचारतात. साहेब खिडकीतूनच हात हलवून त्यांना घालवतात. मला नाही आवडलं ते.

शुक्रवार, ८ तारीख

हे लिहावं की नाही? सोमवारी फोटोत चष्मा नाकावर होता. आज तो हातात आहे. मी शपथेवर सांगतो. मावशींना विचारलं तर त्यांनी शांतपणे सांगितलं, की त्यांनीही पाहिलंय. साहेबांना सांगायला गेल्या, तर साहेबांनी त्यांनाच डोळे तपासून घ्यायला सांगितलं.

सरळ घरी जावं. पण काम अर्धवट टाकून गेलो तर धंद्यात नाक कापलं जाईल.

शनिवार, ९ तारीख

ठरलं. फोटो पुसला जात नाही ना, मग त्याच्यावर दुसरा चढवायचा. हिचे थोरले भाऊ, आमचे दादा, यांच्या दुकानात मी हे काम शिकलो. चाचणीसाठी चित्र शोधत बसू नये, आपलाच फोटो काढून चढवावा आणि मोकळं व्हावं, ही त्यांची शिकवण. तसंच केलं. डाव्या हातात मोबाइल लांब धरला: मी, टेबलाची कड, ही वही, उजव्या हातात पेन, मागं खिडकी. कमरेपर्यंत झकास आला.

पडद्यावर चष्मेवाले हसताहेत. काल हसत नव्हते.

असो. चढवला. आता बटण दाबतो आणि निकाल लगेच लिहितो.

शनिवार, ९ — बहुतेक

पाय जाणवत नाहीत. कमरेखाली काहीच नाही. डावा हातही नाही. तो फोटोच्या बाहेर होता ना —

फोटोत जे आलं तेवढंच इथं आहे. वही. पेन. खिडकी, पण तिच्यापलीकडं नुसतं पांढरं. दार मोबाइलच्या मागं होतं. म्हणून दारच नाही. त्या जागी काच आहे, आणि काचेपलीकडं ती खोली. माझ्या खुर्चीत चष्मेवाले बसलेत. साहेब त्यांना गैरहजेरीबद्दल झापताहेत. ते उठले आणि निघून गेले. माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही.

मंगळवार, १२

समोरच्या भिंतीवर कॅलेंडर दिसतं. मावशी पानं फाडतात, म्हणून तारीख कळते. मीही पळून गेलो, असं साहेब सगळ्यांना सांगतात. मशीन तसंच, माझ्या फोटोवर अडलेलं. काच ठोठावली. मावशींना ऐकू गेलं! दचकल्या. जवळ आल्या. कानात बोळे घातल्यासारख्या मागं फिरल्या, आणि बटण बंद —

शुक्रवार, १५

बटण बंद असतं तेव्हा मी नसतो. मधले दिवस गेले. मेलो असतो तर बरं होतं.

रविवार, २४

आज चोवीस. आज.

देवा, मला निदान कळू तरी दे.

बुधवार, २७

दादा आलेत! मला शोधत. मावशींना सांगताहेत, मुलगी झाली, चोवीसलाच. नाक माझ्यावर गेलंय म्हणे. ही कुणाशी बोलत नाही, दाराकडं बघत बसते. मला मुलगी झालीय. मी रडतोय आणि डोळे पुसायला दुसरा हात नाही.

माझा फोटो बघून दादा पडद्याशी आले. काचेवर बोट फिरवलं. आता साहेबांना म्हणताहेत, मशीन सुरू झालं तर आत काही माग लागेल, तो कुठं गेला त्याचा. फोटो पुसला जात नाही म्हटल्यावर —

दादांनी मोबाइल काढला.

काच हाताच्या अंतरावर आहे. एकदा ठोठावलं तरी दादा थांबतील. मशीनमधून खुळखुळ ऐकू आली तर ते सोडून देणारे नाहीत, प्रत्येक आवाजाचा माग काढतात. त्यांची धाकटी पहिलीत आहे. आमचं लग्न त्यांनीच जमवलं, घरच्यांचे शिव्याशाप खाऊन.

पण ठोठावायचं तर पेन ठेवावं लागेल. हात एकच.

ठेवतो. हे वाक्य झालं की ठेवतो. दादांनी केस सारखे केले — मुलगी तीन दिवसांची आहे — मोबाइल वर धरला — ठेवतो, खरंच, एवढी ओळ लिहून होऊ दे, मग लगेच —