पाय सुजले तेव्हा

आई, तू कशानं गेलीस हे मला दहा वर्षांनी, गेल्या महिन्यात कळलं. तेही फोनवर, इथं मस्कतला पाइपसाठी खणलेल्या चरीच्या कडेला उभं राहून. घरात सगळे एवढंच म्हणायचे, सातव्या महिन्यात झटके आले आणि पोटातल्या बाळासकट गेली. आता तुझ्या सुनेला दिवस गेलेत. राजारामपुरीतल्या दवाखान्यातनं तिनं मलाही व्हिडिओवर घेतलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर रेघा ओढून सांगितलं, की पोट राहिल्यावर बाळाला पोसणारी वार गर्भपिशवीच्या नसांत शिरते आणि त्या रुंद करते, म्हणजे बाळाला रक्त पुरतं. काहींच्यात त्या अरुंदच राहतात. मग उपाशी वार आईच्या रक्तात काहीबाही सोडते, त्यानं अंगभरच्या नसा आतनं बिघडतात. दाब चढतो, सूज येते, डोकं ठणकतं. माझं कामच पाइपचं, मला लगेच समजलं. हे असं का होतं, म्हणून मी विचारलं. त्या म्हणाल्या, "पुरतं कुणालाच माहीत नाही. पण वार आईबाप दोघांच्या अंशाची, त्यामुळं बापाकडनंही येऊ शकतं. तुमच्या आईला कधी झालं होतं का असं?"

मला हुपरीचं घर दिसलं. तू उंबऱ्यात पाय पसरून बसलीयस. मी नववीतनं शाळा सोडून बाबांच्या शेजारी चांदीकामाला बसलोय. तू म्हणतीयस, "पैंजण काचतंय रं, काढून टाक." शेजारची काकू मधेच, "गरवार बाईनं पाय मोकळं ठेवू न्हाईत." तू हसतीयस, "ह्याच्या वेळंला बी पाय असंच भोपळ्यागत झालतं. आलं न्हवं का हे भूत बाहेर?" मग मी दोन्ही पैंजणांत पाच-पाच कड्या वाढवून जोडल्या, आणि वर म्हणालो, "घे, आता हत्तीच्या पायात बी बसंल." नर्सबाईनं तपासायला बोलावलं होतं. आपण म्हणालो, हातातली ऑर्डर पुरी होऊ दे. पुढं दोन दिवसांनी तुझ्या डोळ्यापुढं ठिणग्या यायला लागल्या. मी म्हणालो, दिवसभर कड्या जोडत ज्योतीपुढं बसतीस, दिसणारच की. तिसऱ्या दिवशी झटके आले. सूज कमी करायची सोडून आम्ही दागिना मोठा केला, आई. दुसरं काही सुचलंच नाही.

डॉक्टरीणबाई फोनकडं बघत थांबल्या होत्या. मागं सासूबाई, शेजारी हसणारी बायको. मी म्हणालो, "न्हाय, तसलं काय न्हाय."

परवा ती वडगावहून, तिच्या माहेरातनं बोलली, "अवो, सकाळधरनं डोकं लई दुखतंय." तेव्हा मात्र मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "महिनाभर पोटात ठेवलासा व्हय हे? ठेवा फोन. मी आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जातो." दाब चढलेला निघाला. तिला ठेवून घेतलंय, गोळ्या चालू आहेत. बाळाचे ठोके नीट आहेत म्हणे. मी सुट्टी मागितलीय, अजून उत्तर नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुला खरं सांगतो. काल तिनं विचारलं, त्या दिवशी न्हाय का म्हणालासा? मी म्हणालो, चर खणायच्या मशिनच्या आवाजात प्रश्न नीट ऐकू आला नव्हता.

ऐकू आला होता, आई.