बारा महिन्यांची काठी

स्पे नदीचा काठ, वॉटीची खोपटी
फेब्रुवारीचा पहिला आठवडा, पाऊस आडवा

तीर्थस्वरूप रॅस्मीमामांच्या पायांशी,

धाकट्या गिब्बीचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात जोडलेलेच आहेत. महिनाभर एक लांब काठी धरून बोटं उघडायची विसरलीत, त्यामुळे अक्षर वाईट आलं तर हसू नये. आधी चांगलं होतं असं नाही.) तुमचा गुडघा कसा आहे, काळ्या मेंढीचं पोट ठिकाणावर आलं का, होडीला डांबर लावून झालं का, ते सवडीनं कळवावं. मामींनी वाळत घातलेले कपडे परवा दोरीसकट खाली आले आणि तुमच्या लोकरी विजारी मेंढ्यांनी तुडवल्या असं ऐकलं. फार वाईट वाटलं. शेटलंडचा वारा कुणाच्या बापाचं ऐकत नाही. तुम्ही सगळा दोष वाऱ्यावर टाकून मोकळं व्हावं, उगाच खोलात जाऊ नये.

मी खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं विचाराल तर मी इतका वैतागलोय की काल नदीला शिव्या दिल्या, आणि नदीनं त्या ऐकून घेतल्या नाहीत. कारण सांगतो, पण जरा दम धरा, मला सरळ सांगता येत नाही. मास्तरही हेच म्हणायचे, म्हणून तर मी शाळेत फार दिवस त्यांना त्रास दिला नाही.

वॉटी मेल्डरम तुम्हांला मागच्या पत्रात सांगितला होता. नदीच्या या पट्ट्यावरचा गिली. पाहुण्यांना नदीवर न्यायचं, कुठल्या डोहात मासा आहे ते दाखवायचं, ते पडले की बाहेर काढायचं, आणि त्यांचा मासा सुटला की चूक त्यांची नाही असं चेहऱ्यानं म्हणायचं, हे त्याचं काम. मी त्याच्या हाताखाली. आता वॉटीचे गुडघे तुमच्यासारखेच झालेत (तुमच्याच वयाचा आहे) आणि या हंगामापासून तो घरी बसणार. त्याच्या जागी मला घ्यायचं असं या पट्ट्याच्या मालकीणबाईंच्या मनात आहे. पगार आहे, काठावरचं दगडी घर आहे, घरात न धुमसणारी चूल आहे. मामा, तुम्ही नेहमी म्हणता की गिब्बीच्या पायाला भिंगरी आहे. बोट सोडली, माशांचे पिंजरे सोडले, लोकर कातरायची सोडली. सगळं खरं आहे. पण इथं पहिल्यांदाच मला वाटतंय की भिंगरी काढून खुंटीला टांगावी. आणि नेमकी इथंच माझी वाट गळाच्या एका काठीनं अडवलीय.

मालकीणबाई म्हणाल्या, वॉटी हो म्हणेल तर जागा तुझी. वॉटी म्हणाला, "गिली म्हणवणाऱ्याकडे काठी एक असते, पोरा. पाहुण्यांकडे सहा असतात, कारण त्यांना मासे धरता येत नाहीत. फेब्रुवारीच्या पुरात चालेल आणि जुलैच्या घोट्याएवढ्या पाण्यातही चालेल अशी एक दोन-हाती काठी निवडून आण. हंगाम उघडेल त्या दिवशी सगळ्यांसमोर पहिली दोरी तू टाकायचीस. काठी बघूनच मी सांगेन तू राहणार की जाणार." मी विचारलं, कुठली घेऊ, जरा इशारा द्या. त्यानं पाइप तोंडात घातला. पाइप तोंडात गेला की वॉटी म्हणजे बंद दुकान.

हंगाम उघडायचा दिवस म्हणजे इथं जत्राच असते. वाजंत्रीवाला पिपाणी फुगवतो, होडीच्या नाकावर व्हिस्की ओततात (ओतणाऱ्याचा हात दर वर्षी हलतो आणि निम्मी त्याच्याच तोंडात जाते), आणि मग सगळं गाव थंडीत उभं राहून पहिली दोरी कशी पडते ते बघतं. ती नीट पडली तर कुणी काही बोलत नाही. वाकडी पडली तर तुमच्या नातवाच्या लग्नातही ती गोष्ट निघते.

आता तुम्ही म्हणाल, काठी निवडणं यात काय मोठं. आपल्याकडे तळ्यावर ट्राउट धरायला एक हात पुरतो, दुसरा खिशात असतो. इथं नदी रुंद, मागे झाडं काठाला चिकटलेली. दोरी मागे झुलवली की झाडात अडकते. म्हणून दोन्ही हातांनी लांब काठी धरून दोरीला पाण्यावरच एक वळसा द्यायचा आणि तिथूनच पलीकडे सोडायची. जमलं तर ते हंसाच्या उडण्यासारखं दिसतं. मी करतो तेव्हा हंसाला कुणीतरी दगड मारल्यासारखं दिसतं. तुम्ही तरुणपणी इथंच दोन उन्हाळे काढलेत, तेव्हा तुम्हांला काय सांगायचं. तुमची ती गोष्ट मी आल्या आल्या वॉटीला सांगितली होती. लॉर्डसाहेब डोहात वाहून चालले, तुम्ही उडी मारून काढले, आणि त्यांनी स्वतःची काठी तुम्हांला बक्षीस दिली. मुठीवरचे दातांचे वण त्यांच्या शेवटच्या सॅल्मनचे, हेही सांगितलं. वॉटीनं सगळं शांतपणे ऐकलं, आणि लॉर्ड दिसायला कसा होता एवढंच विचारलं. मी म्हटलं उंच, मिशीवाला. तो म्हणाला, "असेल बाबा," आणि पाइप चावत बसला.

असो. आधी मी एल्गिनला दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, कुठल्या महिन्यासाठी हवी? म्हटलं, सगळ्या. कुठल्या पाण्यासाठी? म्हटलं, सगळ्या. "मग साहेब, तुम्हांला चार काठ्या लागतील," म्हणाला, आणि इतक्या मायेनं म्हणाला की मला माझंच वाईट वाटलं. मी एकीची किंमत विचारली आणि त्याच्या काउंटरला धरून थोडा वेळ उभा राहिलो. त्याला दया आली. बारा-साडेबारा फुटी एक काठी त्यानं आठवडाभर वापरून बघायला दिली. गावच्या डॉक्टरीणबाईंनी घरातली पंधराफुटी दिली. म्हणाल्या, मोठ्या नदीला मोठी काठी, यात विचार कसला करायचा.

पंधराफुटी आधी बाहेर काढली. (हंगाम बंद, म्हणून गळ लावायचा नाही. टोकाला लाल लोकरीची गाठ बांधून नुसता सराव.) ती काठी नव्हे, मामा, गलबताची डोलकाठी. फेकताना ती मला फेकते का मी तिला, ते ठरेना. चौथ्या खेपेला खालून वारा आला, दोरीनं माझ्या डोक्यावरून वळसा घेतला, मागे उभ्या वॉटीच्या टोपीला विळखा घातला आणि टोपी उचलून डोहाच्या मधोमध नेऊन ठेवली. ती त्याच्या वडलांची टोपी होती. वॉटी टकलावर पाऊस घेत उभा राहिला. मला वाटलं आता मला बुडवणार. पण तो म्हणाला, "हंगाम बंद आहे, पोरा. धरलंस ते सोड." टोपी सुटली ती थेट समुद्राकडे. तुमच्या बाजूला किनाऱ्याला लागली तर ठेवून घ्यावी.

मग दुकानातली छोटी. ती गोड, हलकी, शांत पाण्यात अशी चालते की वाटावं आपण जन्मजात गिली आहोत. पण वरच्या डोंगरातलं बर्फ वितळून पाणी चढलं, आणि पुरासाठीची जड दोरी लावली, तर ती ओल्या शेवयीसारखी मान टाकून बसली. दोरी मधल्या धारेपर्यंतही पोचेना. पोचवायला मी अजून दोन पावलं आत गेलो. दुसरं पाऊल ठेवायला नदीनं तळच ठेवला नव्हता. वॉटीनं मला आकड्यानं मानगुटीला धरून काढलं आणि पाहुण्यांशी बोलतो तशा आवाजात म्हणाला, "चूक तुमची नाही, साहेब." इतका अपमान माझा शाळेतही झाला नव्हता. वर रबरी विजारीच्या तळव्याला खडकानं भोक पाडलं. हे भोक लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही होडी पाण्यात ढकलत होतो. माझा एक पाय होडीत, भोकाचा पाय चिखलात, विजारीत गुडघ्यापर्यंत नदी. इतक्यात काठावरून आले फार्करसाहेब. पट्ट्यावर त्यांच्यासारखा मासे धरणारा नाही, हातात त्यांची नावाजलेली चौदाफुटी काठी. पण मामा, ते पाद्री. आणि माझा पाय होडीत. तुम्हीच मला लहानपणी कानाला धरून शिकवलंत की होडीत पाय असताना पाद्री दिसू नये, त्याचं नाव घेऊ नये, त्या लाल माशाचंही नाव घेऊ नये, आणि असं काही झालंच तर तत्काळ लोखंडाला हात लावावा. फार्करसाहेब लांबूनच म्हणाले, "काय गिब्बी, यंदा सॅल्मन चांगले लागणार म्हणतात." म्हणजे दोन्ही एकदम. पाद्री तर पाद्री, आणि त्याच्या तोंडून ते नाव. मी लोखंड शोधायला लागलो. होडी फायबरची. वल्ही लाकडाची. काठी कार्बनची. दोरी गुंडाळायचं चाक ॲल्युमिनियमचं. अहो, या देशात आता लोखंड म्हणून राहिलेलं नाही. शेवटी काठावरची कुंपणाची तार दिसली आणि मी तिला घट्ट धरलं.

सलगमाच्या शेतात मेंढ्या सोडल्या की तारेत वीज सोडतात, हे मला माहीत होतं. पण भक्ती आली की अक्कल जाते. ओला हात, भोकाची विजार, चिखल. माझ्या तोंडून जो शब्द गेला तो मी तुमच्याकडूनच शिकलोय, होडीचा नांगर पायावर पडला तेव्हा तुम्ही म्हणाला होतात तोच. फार्करसाहेबांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग म्हणाले, "मी तुला ही काठी वापरायला द्यायला आलो होतो, बाळ. तू मला बघून कुंपण धरलंस." वॉटी होडीच्या तळाशी आडवा पडून हसत होता, त्याचा पाइप पाण्यात गेला. टोपीपाठोपाठ पाइप. आता त्याच्या डोक्यावरचं आणि तोंडातलं दोन्ही मी समुद्राला दिलंय.

पण पाद्री मनानं मोठे. रविवारी प्रार्थनेला येईन असं कबूल करवून घेतलं (रविवारी नदीवर गळ टाकायला बंदीच असते, त्यामुळे नुकसान काही नाही) आणि काठी दिली. मामा, काय सांगू. चौदा फूट, ना ताठर ना लुळी. जड दोरी लावली तर मुठीपर्यंत वाकते आणि दमानं परत उठते. हलकी लावली तर नुसतं टोक मान डोलावतं. तेव्हा मला कळलं. बारा महिन्यांना काठी बदलायची नसते, दोरी बदलायची असते. काठी अशी हवी की जिला ओझं कळतं. वॉटीला हे सांगितलं. म्हणाला, "मग आण तशी एक." पाद्रीसाहेबांची मागितली. ते म्हणाले बायबल ने, काठी नको. नवी घ्यायची तर मला दुकानदारालाच पळवावा लागेल.

असा मी अडकलोय. बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार, काळ्या मेंढीला गोंजारणे.

तुमचा वैतागलेला भाचा,
गिब्बी

ता. क. काठी हातात वाकली तेव्हाच मला वाटलं, हे वाकणं मी कुठंतरी बघितलंय. आणि आठवलं. आपल्या अंगणात मामींच्या दोरीला टेकू म्हणून उभी असते ती लांब काळी काठी. तुमच्या लॉर्डसाहेबांचीच ती. उन्हाळ्यात सदऱ्यांच्या ओझ्यानं नुसतं टोक झुकायचं, आणि फेब्रुवारीच्या वादळात ओल्या घोंगड्या घातल्या की बुडापर्यंत वाकायची, पण पुन्हा उठून उभी. इतकी वर्षं बाराही महिने तपासलेली काठी साऱ्या स्कॉटलंडात दुसरी नसेल. ती मला द्यावी अशी पायाशी विनंती.

ता. क. २. विनंती करायला थोडा उशीर झालाय. मी कळवल्यावरून मामींनी ती ॲबर्डीनच्या बोटीवरच्या माणसाबरोबर गेल्या आठवड्यातच पाठवली. तेव्हा विजारींच्या बाबतीत वाऱ्याला फार बोलू नये.

ता. क. ३. हे आधीच लिहायला हवं होतं, पण धीर होईना. काठी आली तशी मी वॉटीच्या हातात दिली. त्यानं गुंडाळी सोडली, काठी हलवली, मग मुठीवरच्या दातांच्या वणांवर अंगठा फिरवला आणि खाली बसला. म्हणाला, "हे माझ्या नेलचे दात. कुत्री पिल्लू होती तेव्हाचे. काठी माझी आहे. शेटलंडचा एक पोरगा उन्हाळा संपला तशी एका दिवसासाठी मागून घेऊन गेला, तो अजून परत यायचाय. उंच नव्हता आणि मिशीही नव्हती." मी लोखंड शोधत होतो. वॉटी म्हणतो, निवड बरोबर आहे, पण दुसऱ्याच्या काठीवर मी कुणाला गिली करत नाही. ज्यानं नेली त्यानं हंगाम उघडायच्या दिवशी काठावर येऊन, सगळ्यांसमोर ती माझ्या हातात द्यावी, मग मी ती पोराला देईन. पाइप नसल्यामुळे तो हे दिवसातून पुष्कळ वेळा म्हणतो. रागावलेला वाटत नाही. काल दोन खुर्च्या काठावर नेऊन ठेवल्या, एकीवर उशी आहे. म्हणे, त्याचेही गुडघे गेले असतील.

तेव्हा मामा, यावं. बोटीचं तिकीट मामींनी काढून ठेवलंय. त्यांचा निरोप असा की दोरीला टेकू द्यायला आता घरात दुसरं लांब काही उरलेलं नाही, त्यामुळे त्या दिवशी तुम्ही कुठंतरी उभे राहणार हे नक्की, वॉटीसमोर की अंगणात ते तुमचं तुम्ही ठरवा.