बेकासीच्या गल्लीतली चौकशी

अप्पा, मला लिहिता येतं हे तुम्हाला ठाऊकच नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी सहीच्या जागी अंगठा लावत होते. नंतर लातूरच्या आमच्या किराणा दुकानात, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, पुड्या बांधायच्या रद्दीवर बोट ठेवून एकेक अक्षर लावत गेले. हे कधी टर उडवायचे, कधी चुकलेलं अक्षर नीट करून द्यायचे. आता हे नाहीत, दुकान पोराच्या हातात आहे, आणि मी दुपारच्या उजेडाला खिडकीशी बसून तुम्हाला लिहिते आहे. हे तोंडानं सांगावं असं जिवंत माणसांत कुणी सापडेना, म्हणून तुमच्याकडे आले.

आपल्या नायगावकडच्या गावात शेतकरी खूप होते, तुम्हीही त्यातलेच, पण लोक तुम्हाला ओळखायचे ते चौकशीसाठी. कुणाच्या पोरीला स्थळ सांगून आलं की माणूस आपल्या ओट्यावर येऊन बसायचा. "अप्पा, तेवढं घर बघून या की." मग तुम्ही कपाळाला विभूती लावून निघायचात, उमरीला, हिमायतनगरला, कधी पार उदगीरपर्यंत. बाकीची माणसं चौकशी करायची ती चोरून. गावात शिरलं की आधी न्हाव्याकडे दाढीला बसायचं, मग पिठाची गिरणी, मग पानाची टपरी, आणि मुलाच्या घरच्यांना वाससुद्धा लागू द्यायचा नाही. तुमची तऱ्हा उलटी. तुम्ही सरळ मुलाच्या घरी जायचात, पाणी मागायचात आणि म्हणायचात, "मी चौकशीला आलोय. आता तुमच्या गल्लीत फिरतो. शेजारपाजारच्यांना सांगा, मोकळं बोला म्हणावं." लोक हसायचे तुम्हाला. "असं सांगून गेल्यावर खरं कोण बोलंल, अप्पा?" तुम्ही म्हणायचात, "बोलतेत. आन् न्हाई बोलले, तर त्ये बी कळतंयच की."

एकदा हिमायतनगरचं एक घर बघून आलात आणि माझ्या अव्वाला हळूच म्हणालात की पोराला फिट येते, त्यांनी स्वतःच सांगितलं. मी पलीकडून ऐकलं. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता विस्तव मागायला आलेल्या शेजारणीला मी ते सांगून टाकलं. तुम्ही दारात उभे होतात. अजून मला तुमची सावली चुलीवर पडलेली दिसते. तुम्ही ओरडला नाहीत. "त्या घरानं मला पाणी पाजून, समोर बसवून सांगितलं," म्हणालात. "आन् तू हितं चुलीपाशी वाटून राहिलीस?" त्या दिवशी तुम्ही माझ्या हातची भाकर खाल्ली नाही. अव्वानं दुसरी थापली.

माझ्या लग्नाआधी तुम्ही असेच लातूरला आला होतात. सासूबाई तो प्रसंग मरेपर्यंत सांगत. "तुझा बाप दारात हुबा ऱ्हाऊन म्हनला, मी तुमची चौकशी कराया आलोय. म्या म्हनलं, आता ह्या मान्साला चहा देऊ का काठी दावू?" आणि हसायच्या. चोरून बघणाऱ्याची पोर असते, तर त्या घरात मला वेगळं वागवलं असतं. मला आल्याआल्या जो मान मिळाला तो तुमचा होता, अप्पा. मी तो आयता खाल्ला.

आता नातीचं सांगते. माझ्या मुलाची मुलगी, तुमची पणती. इंजिनियर झाली आणि इंडोनेशियात नोकरीला गेली. तो देश म्हणजे समुद्रात सांडलेली नुसती बेटंच बेटं, आणि बेटागणिक भाषा वेगळी, खाणं वेगळं, देव वेगळा. जकार्ता म्हणून त्यांचं मोठं शहर, त्याला खेटून बेकासी, तिथं तिचा गाड्यांचे भाग बनवायचा कारखाना. तिथल्याच एका मुलावर तिचा जीव बसला. पोरानं आणि सूनबाईनं थोडी कुरकुर करून होकार दिला. पण नात म्हणाली, "आज्जी हो म्हणाली तरच. मला तिनं वाढवलंय." अप्पा, एवढा मोठा मान तिनं माझ्या ओटीत टाकला, आणि मी काय केलं?

माझ्या नणंदेचा नातू जकार्तात एका कापडाच्या कंपनीत आहे. चांगला बायकापोरांचा माणूस, पण माझ्या शब्दाबाहेर नाही. मी नातीला न सांगता त्याला फोन केला. "बेकासीला जा. त्या पोराच्या गल्लीत फिर. कोण लोक हायेत, कसे हायेत, बघून ये. त्येंच्या घरी जाऊ नको. आधी न्हावी गाठ."

"आज्जे, इकडं न्हाव्याला काय कळणार?" तो म्हणाला.

"न्हाव्याला समदं कळतंय. कुठला बी असंना."

तुमची मुलगी असून मी हे म्हणाले. तुमची रीत मला पाठ होती, पण तुमच्या रीतीनं गेलं असतं तर त्या लोकांसमोर उभं राहावं लागलं असतं, आणि मला विचारायचं होतं ते समोर उभं राहून विचारता येण्यासारखं नव्हतं.

तो बिचारा रविवारी गेला, नुकतेच कापलेले केस पुन्हा कापायला बसला आणि मोडक्यातोडक्या भाषेत कोपऱ्यावरच्या घराबद्दल विचारू लागला. त्यांच्याकडे दर गल्लीला एक मुखिया असतो. परकं माणूस येऊन उगाच विचारपूस करायला लागलं की त्याच्या कानावर घालायचं, असा तिथला रिवाज. न्हाव्यानं एक कान मोकळा केला आणि पोरगं पाठवून मुखियाला बोलावलं. मुखिया आला, यानं घाबरून खरं ते सांगितलं, आणि त्या भल्या माणसानं अर्धे केस कापलेल्या आमच्या माणसाला हाताला धरून थेट त्याच घरी नेऊन बसवलं. यातलं मला काहीच माहीत नाही. मी इथं देवापुढचा दिवा लावून फोनची वाट बघून राहिले होते. फोन वाजला. तो काही बोलायच्या आत मीच सुरू झाले.

"काय म्हनला न्हावी? कोण लोक निघाले रे? जात कोणती? आपल्या बरोबरीची हाय का खालची?"

 मग फोन हलला आणि मला चित्र दिसलं. छोटंसं अंगण, कुंड्या, चहाचे पेले घेऊन उभी असलेली माझ्या सुनेच्या वयाची बाई, अर्ध्या डोक्याचा आमचा माणूस मान खाली घालून, आणि त्याच्या मागं माझी नात. रविवार म्हणून जेवायला आली होती ती तिथं. तिनं शब्द न् शब्द ऐकला होता.

त्या बाईनं, म्हणजे मुलाच्या आईनं, हसून नातीला काहीतरी विचारलं. आज्जी काय म्हणतात, असंच असणार. नात माझ्याकडे बघत राहिली. अप्पा, तुम्ही चुलीपाशी बघितलं होतं तसंच. मग ती मुलाच्या आईकडे वळून त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोलली. त्या बाईचा चेहरा असा उजळला म्हणता! चहाचे पेले खाली ठेवले, मांडी घालून बसली आणि बोटांवर मोजत मला सांगायला लागली. सुराबाया. मेदान. बांडुंग. बेकासी. प्रत्येक नावाला माझ्याकडे बघून मान हलवायची. मीही हलवत होते.

"त्या म्हणतात," नात सपाट आवाजात म्हणाली, "इतक्या लांबून कुणी आमची गावं विचारावीत, याचं लई बरं वाटलं. मी त्यांना सांगितलं, आमच्या आज्जीला तुमची शहरं जाणून घ्यायचीत. कोणतं मोठं, कोणतं लहान, कोण कुठलं." एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

तेव्हापासून दर रविवारी मुलाची आई मला शहरं दाखवते. नात मधे बसून मराठी करते, पण माझ्याशी आपलं असं काही बोलत नाही. मुलाची आई सुराबायाची, माणसांच्या हिशेबानं ते दोन नंबरचं शहर, तिथं मोठं बंदर. मुलाचे वडील मेदानचे, ते तर दुसऱ्याच बेटावर. आईचे भाऊ मशिदीत जातात, वडिलांकडचे चर्चमध्ये, आणि सणाला दोन्हीकडचे एकाच ताटाभोवती. मुलगा शिकला बांडुंगला, डोंगरातलं थंड हवेचं शहर. तीन नंबर कुणाचा, यावर त्यांच्या घरात भांडण. मुलगा म्हणतो बांडुंग, वडील म्हणतात मेदान, आई म्हणते ज्या बेकासीत बसून भांडता तीच मोठी. उन्नीस-बीसचाच फरक, पण आवाज केवढे! मला आमचं घर आठवलं. मी नांदेड मोठं म्हणायची, हे लातूरची बाजू धरून भाकरी अर्धी टाकून उठायचे. मी ते सांगितलं तर सगळे खळखळून हसले. नात हसली नाही. एकदा त्या बाईनं सोयाबीन आंबवून केलेली वडी तळून दाखवली. इथल्या आडत बाजारात ज्याचे ढीग पडतात त्या दाण्याचं तिकडं रोजचं कालवण होतं, हे मला या वयात कळलं. "हिच्यासाठी मांसमच्छीचं भांडं वेगळं ठेवलंय," असंही त्यांनी सांगितलं. मी न विचारता.

मुलाची आई सगळ्यांना सांगते, आमच्या होणाऱ्या सुनेची आज्जी किती हौशी, आमच्या देशाची शहरं पाठ करते. प्रत्येक रविवारी मी ते कौतुक अंगावर घेते. कुणी चापट मारली असती तर बरं वाटलं असतं.

परवा मेदानहून मुलाचे आजोबा फोनवर आले. माझ्याहून वयानं मोठे, खांद्यावर विणलेलं वस्त्र, डोळे तुमच्यासारखे बारीक करून बघणारे. त्यांच्या लोकांत कुळं फार पाळतात, अप्पा. एकाच कुळात लग्न चालत नाही, दोन माणसं भेटली की आधी कूळ विचारतात. आणि बाहेरची मुलगी घरात यायची तर तिला कूळ द्यावं लागतं. त्यांच्या सोयऱ्यांपैकी एक घर तिला रीतसर लेक करून घेतं आणि मग ते घर तिला सासरी देतं. म्हातारेबुवा खुर्चीत ताठ बसले आणि बोलले. नातीनं मराठी केलं, "आज्जी, ते म्हणतात, मी तुमची चौकशी करायला आलोय. तुमच्या तोंडासमोर विचारतो. तुम्ही कोण, कुणाची मुलगी, कुठल्या गावची? आणि तुमच्या नातीला दुसऱ्या घरानं लेक म्हटलेलं तुम्हाला चालेल का? नाही म्हणालात तर आम्ही दुसरा मार्ग काढू."

मला वाटलं, तुम्हीच दारात पाणी मागताय.

मी तुमचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. तुमचं काम काय होतं ते सांगायला लागले आणि मला बोलवेना.  मग नात पहिल्यांदा आपलं बोलली, हळूच. "आज्जे, त्यांना काय सांगू?"

"हाव म्हण," मी म्हणाले. "आन् म्हणावं, तुम्ही विचारलं तसं विचारायला पायजे होतं, मी."

ती म्हाताऱ्यांकडे वळली. मग तिनं काहीतरी सांगितलं. किती सांगितलं, काय सांगितलं, मला त्यांची भाषा येत नाही. म्हाताऱ्यांनी हात जोडले. फोन ठेवताना नात म्हणाली, "औषध घे वेळेवर." एवढंच, पण तिचं तिनं म्हटलेलं.

लग्न मेदानला आहे. मला बोलावलंय, विमानाची भीती वाटते, पण जाईन. गेले की त्या बाईला समोर बसवून त्या दिवशीचा खरा प्रश्न सांगेन, असं रोज ठरवते. मधे नातीलाच बोलावं लागेल. माझे ते शब्द तिच्या तोंडून वदवायचे, हे आठवलं की ठरवलेलं मोडतं.

ही पानं घडी करून मी साड्यांच्या घडीत ठेवते आहे. तुमच्यापर्यंत पोचवणारं टपाल कुठलं? पण ठेवायच्या आधी एक सांगते. काल गिरणीवर दळण आणायला गेले तर बायकांनी गाठलंच. "नातीचं ठरलं म्हणं? कोण लोकांत दिली, काकू?" मी डबा खाली ठेवला आणि सांगायला लागले. आई सुराबायाची, वडील मेदानचे, मुलगा बांडुंगला शिकलेला, घर बेकासीला. सगळी मोठमोठी शहरं हायेत. एक जण म्हणाली, "शहरं ऱ्हाऊ द्या हो. जात कोणती, त्ये विचारलं का न्हाई?"

"मी विचारलंच नाही," एवढं मला म्हणायचं होतं, अप्पा. किती छान उत्तर आहे ते. मला देता आलं नाही. मी पीठ उचललं आणि घरी आले.