वस्तादांच्या एकेचाळीस शिव्या

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (आठवडाभर पाठ धरली आहे, त्यामुळे आठांपैकी पाचच अंगांचा नमस्कार पोचला असं समज. उरलेली तीन अंगं वाकायला लागली की मागाहून पाठवतो.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना आधी डावा की उजवा, हे अजून रोज नव्याने ठरवावं लागतं का? डोळ्यांत थेंब घालतेस, की बाटली नुसती खिडकीत उभी करून ठेवली आहेस? आमच्याकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. ठीक काहीही नाही.

आज तुला शिव्यांबद्दल लिहायचं आहे. दुसऱ्या कुणाच्या आत्याने एवढं वाचूनच कानांवर हात ठेवले असते, पण तुझी गोष्ट वेगळी. एकतीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होतीस. साक्षीदार, आरोपी, फिर्यादी, गावातल्या यच्चयावत माणसांच्या शिव्या तुझ्या दहा बोटांखालून गेल्या, आणि तोंडातून मात्र दूध उतू गेलं तरी एक बाहेर पडली नाही. आमचे बाबा, म्हणजे तुझे सख्खे भाऊ, नळ दुरुस्त करायचे, आणि शिव्या फक्त पाइपाला द्यायचे. मोरीखाली आडवं पडून त्या पाइपाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि बाहेर येऊन घरमालकिणीला म्हणायचे, झालं हं ताई. तेव्हापासून मला हा नाद लागला. आत्या, प्रत्येक धंद्याची शिवी निराळी असते. शिंप्याच्या तोंडात टाचण्या असतात, म्हणून त्याची शिवी नाकातून येते. न्हावी हातात वस्तरा असेपर्यंत एक शब्द वावगा काढत नाही, गिऱ्हाईक कोपऱ्यावर वळलं की मग बघ. गवंड्याला तिसऱ्या मजल्यावरून द्यायची असते म्हणून तो ती लांबवून देतो. मास्तरांना सगळे प्राणी पाठ असतात. पण बाकी सगळीकडे काम बिघडलं की शिवी येते. आमच्या हॉटेलच्या भटारखान्यात कामच शिवीवर चालतं.

ते कसं, ते सांगतो. दुपारी बारा वाजता आमच्याकडे बारा शेगड्या पेटलेल्या असतात, वर धूर ओढणारा पंखा विमानासारखा घरघरत असतो आणि भांडी घासणारे भांडी घासत नसून फोडत असावेत असा आवाज चाललेला असतो. अशा वेळी ‘भाऊ, तुमच्या पाठीमागून मी उकळतं पातेलं घेऊन येत आहे, तरी कृपया जागेवरून हलू नये’ हे वाक्य पूर्ण होईपर्यंत भाऊ भाजलेला असतो. तिथे एकच शब्द पाहिजे, आणि तो पंख्याच्या वर गेला पाहिजे. आमचे मुख्य आचारी, ज्यांना आम्ही सगळे वस्ताद म्हणतो, त्यांच्याकडे असे एकेचाळीस शब्द होते. मी मोजले आहेत. ते शब्द इथे लिहीत नाही, कारण लिफाफा पातळ आहे आणि तुझ्या शेजारीणबाई तुझी पत्रं उजेडासमोर धरतात. (मागच्या पत्रातला माझ्या मूळव्याधीचा मजकूर त्यांनीच मला फोनवर विचारला होता.) तेव्हा आपण नंबराने बोलू. चार नंबर म्हणजे मागे गरम आहे, हलू नकोस. नऊ नंबर म्हणजे मीठ कमी. तोच नऊ नंबर लांबवला की मीठ जास्त. सोळा म्हणजे मासा उलट. तेवीस नंबरात आईचा उल्लेख आहे, आणि त्याचा अर्थ, उत्तम झालंय, पाठव बाहेर. तो मला सव्वीस वर्षांत चार वेळा मिळाला. चौथ्या वेळी तर माझे डोळे भरून आले होते, कांदा मी त्या दिवशी चिरतच नव्हतो.

नवा आचारी पहिल्या दिवशी हे ऐकून लालबुंद होतो, दुसऱ्या दिवशी भांडायला उठतो आणि महिनाभरात त्याला शिवी ऐकू येणंच बंद होतं, नुसता अर्थ ऐकू येतो. पण मॅनेजरसाहेबांची पावलं दारात वाजली की वस्ताद बदलायचे. होय साहेब, करतो साहेब, आपण म्हणाल तसं साहेब. सव्वीस वर्षांत साहेबांच्या कानावर आमच्या भटारखान्यातला एकही नंबर पडला नव्हता.

मागच्या महिन्यातल्या एका मंगळवारी, ऐन जेवणाच्या गर्दीत, साडेबाराच्या सुमाराला वस्तादांनी सोळा नंबर दिला. मासे भाजणाऱ्याने मासे उलटे केले. मग नऊ आला, मी रश्श्यात मीठ टाकलं. मग पुन्हा सोळा, पुन्हा मासे उलटे. मग चार आला आणि आम्ही आठही जण होतो तिथे पुतळ्यासारखे उभे राहिलो, पण पातेलं घेऊन येणारं कुणी नव्हतंच. सूप करणाऱ्याला अकरा नंबर दिला. अकरा हा पिठाचा नंबर, त्याचा सुपाशी काही संबंध नाही. तरी त्या बिचाऱ्याने घाबरून सूप खाली उतरवलं. मला वाटलं, म्हातारा आज रंगात आहे, आपली परीक्षा घेतोय. तासभर आम्ही त्या शिव्यांवर नाचत होतो. मासे सहा वेळा उलटसुलट होऊन त्यांचा चुरा झाला आणि बाहेरून ताटं परत यायला लागली. दीड वाजता साहेब स्वतः आत आले आणि हळूच म्हणाले, वस्ताद, आज काही गडबड आहे का? आणि वस्तादांनी साहेबांच्या तोंडावर एकतीस नंबर दिला.

तेव्हा मी पळी खाली ठेवली. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. ओठाची उजवी कड खाली ओघळली होती. उजवा हात लोंबत होता, झारा डाव्या हातात होता. तो हात मी तासभर बघत होतो, आत्या. मला वाटलं, दमला असेल.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, यांचं बोलणं नक्की किती वाजता बिघडलं? आम्ही आठ आचारी एप्रनसकट व्हरांड्यात उभे, सगळ्यांच्या माना खाली. शेवटी मीच म्हणालो, डॉक्टरसाहेब, बोलणं नेहमीसारखंच होतं. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर पुष्कळ काही करता आलं असतं. आणि लिफ्ट येईना म्हणून लिफ्टला एक कचकचीत शिवी घालून जिन्याने गेले. (डॉक्टर लोक लिफ्टला देतात. पेशंटला देता येत नाही ना.) तो तास माझा आहे. मी वस्तादांच्या खालचा पहिला माणूस, त्यांच्यापासून दोन हातांवर उभा असतो. बाकीचे म्हणतात, तुझी काय चूक, आम्हालाही कुठे कळलं. पण त्यांची जागा लांब होती.

डॉक्टरांचं म्हणणं असं की वस्तादांचे शब्द गेले. पाणी, चहा, बायकोचं नाव, स्वतःचं नाव, सगळं गेलं. शिव्या तेवढ्या राहिल्या, कारण मेंदूत त्यांचं कपाट वेगळं असतं म्हणे. तिथे पाणी शिरलं नाही. एकेचाळीसच्या एकेचाळीस कोरड्या ठणठणीत.

आता काकूंचं ऐक. काकू म्हणजे वस्तादांचं कुटुंब. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याच्या तोंडून मोठ्याने ‘अगं’ सुद्धा ऐकलं नव्हतं. वस्ताद घरी यायचे, वाढलेलं खायचे, छान झालंय म्हणायचे आणि झोपायचे. एवढ्या गरीब माणसाला भटारखान्यात बाकीचे छळत असतील, अशी काकूंची समजूत होती. (एकदा त्यांनी मला निरोपही पाठवला होता, यांच्याकडे जरा लक्ष ठेवा म्हणून. लक्ष मी कसं ठेवलं ते वर लिहिलंच आहे.) त्या बाईंना आता स्टुलावर बसून सकाळपासून हे ऐकावं लागायचं. शेजारच्या खाटेवाल्यांनी मधला पडदा ओढून घेतला. तिसऱ्या दिवशी काकूंनी मला बाहेर बोलावलं आणि खाली बघत विचारलं, “का हो, इतकी वर्षं माझ्याबद्दल हेच होतं का यांच्या मनात?”

मी म्हणालो, काकू, आत्ता जे बोलले ना ते, त्याचा अर्थ आच कमी करा, असा आहे. त्यांना वाटलं मी समजूत काढतोय. म्हणून मी आत गेलो आणि वस्तादांच्या अंगावरची जाड चादर काढली. वस्तादांनी डोळे मिटले आणि केवढा तरी मोठा सुस्कारा टाकला. काकू खाटेच्या कडेवर बसल्या, आणि हसतायत की रडतायत ते मला काही कळेना, म्हणून मी चादरीची घडी घालत बसलो.

तेव्हापासून मी दुपारची जेवणं उरकली की तीन ते पाच तिथे असतो आणि शिव्यांचे अर्थ सांगतो. दवाखान्याच्या सुपाला नऊ नंबर पडतो, आणि तो शंभर टक्के बरोबर असतो. हातापायांचा व्यायाम घेणाऱ्या बाईंना सतरा मिळतो, म्हणजे सावकाश, करपतंय. वॉर्डातल्या सिस्टरना आता चार-पाच नंबर ओळखू येतात, त्या फणकाऱ्याने उत्तरही देतात, आणि तेव्हा वस्तादांच्या डाव्या गालावर हसू येतं. पण पाच वाजता मला निघावं लागतं. मग काकू एकट्या आणि समोर एकेचाळीस नंबर. त्यांना यादी करून द्यायचं आम्ही ठरवलं. मासे भाजणाऱ्याला लिहायला बसवलं. हा माणूस एरवी शिवी दिल्याशिवाय वेळ विचारत नाही, पण काकूंसाठी आहे म्हटल्यावर पेन हातात धरून नव्या नवरीसारखा लाजला. शेवटी त्याने प्रत्येकीचं पहिलं अक्षर लिहून पुढे टिंबं दिली. पहिलं अक्षर चौघींचं एकच. त्या संध्याकाळी वस्तादांनी पाणी मागितलं आणि काकूंनी भांडं दिलं, खाटेखालचं. त्यावर वस्ताद जे बोलले ते कुठल्याच यादीत नाही. मग मी प्रयत्न केला. काकू म्हणाल्या, तुम्ही नुसतं सांगा, मी लिहिते. आत्या, चष्मा लावून, मांडीवर वही घेऊन, शाळेतल्या मुलीसारख्या त्या माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. माझ्या तोंडून एकही शिवी निघेना. पुढच्या शनिवारी वस्तादांना घरी सोडणार आहेत, आणि तिथे तर सिस्टरही नसणार.

असो. आपली रडगाणी किती गायची. थेंब नियमाने घाल. शेजारीणबाईंना माझा नमस्कार सांग (तो त्यांनी वाचला असेलच). तुझा माझ्यावरचा लोभ तसाच ठेव, कमी करायचा झाला तर आधी कळव.

तुझा भाचा,
बोका

ता. क. : पत्र मुळात लिहायला घेतलं ते यासाठी. येत्या गुरुवारी तुझा टाइपरायटर घेऊन दवाखान्यात येशील का? मी तुला न्यायला येईन, मशीन मी उचलीन, पाठीचं मी बघतो. डावीकडे शिवी, पूर्ण, टिंबांशिवाय, आणि उजवीकडे अर्थ. काकूंना बारीक दिसत नाही, तेव्हा मधे भरपूर जागा सोड. आपल्या ओळखीत हे शब्द हात न थरथरता लिहील असं तुझ्याशिवाय कुणी नाही.

आणखी ता. क. : एकेचाळीस नंबरबद्दल वर लिहिलं नाही. तो वस्ताद दिवसातून एकदाच द्यायचे, शेवटचं ताट बाहेर गेल्यावर. त्याचा अर्थ, सगळ्या शेगड्या बंद करा, पुरे झालं आता. गेल्या रविवारपासून ते दुसरं फारसं काही बोलतच नाहीत. सकाळी डोळे उघडले की काकूंकडे बघून एकेचाळीस. दुपारी एकेचाळीस. काकूंनी मला अर्थ विचारला. मी म्हणालो, उशी सरळ करा. तेव्हापासून त्या दिवसातून तीस वेळा उशी सरळ करतात. काल मला म्हणाल्या, चाळीस वर्षांत यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नाही हो, आणि आता बघा, पाच मिनिटं माझ्यावाचून चालत नाही. बोलताना त्यांचा चेहरा मी पाहिला. आत्या, साक्षीदार जे बोलला तेच कागदावर आलं पाहिजे म्हणून तू जज्जसाहेबांशीही वाद घातलास, ते मला माहीत आहे. चाळीस ओळी तशाच कर. एकेचाळिसाव्या ओळीसमोर ‘उशी सरळ करा’ असं टाइप कर, आणि ते करताना माझ्याकडे बघू नकोस.